‘चीनची भिंत’ का बांधली? हा प्रश्न मोडणारं एक पुस्तक

समजा, तुमच्या संशोधन आराखड्यात प्रश्न आहे, ‘चीनची भिंत का बांधली?’ साधा, सरळ प्रश्न. आर्थर वॉल्ड्रन यांचं ‘द ग्रेट वॉल ऑफ चायना: फ्रॉम हिस्टरी टू मिथ’ (१९९०) हे पुस्तक त्यातल्या एकवचनावरच बोट ठेवतं. कुठली भिंत?

वॉल्ड्रन यांचा दावा असा, की चिन शी हुआंगच्या काळापासून टिकलेली एकच सलग भिंत कधी नव्हतीच. वेगवेगळ्या राजवटींनी वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या कारणांसाठी तटबंद्या घातल्या. थांग घराण्यासारख्यांनी त्या फारशा घातल्याच नाहीत. फोटोंत दिसणारी विटांची भिंत मिंग काळातली, मुख्यतः सोळाव्या शतकातली. म्हणजे ‘दोन हजार वर्षं जुनी भिंत’ असं म्हणताना आपण निरनिराळ्या वस्तूंची वयं एकत्र करतो.

पुरावे तपासण्याची त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे. चिन काळातल्या भिंतीचा मुख्य लेखी आधार म्हणजे सिमा छियान यांचा इतिहास. तो घटनेनंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहिलेला, आणि बांधकामाबद्दल त्यात मोजक्याच ओळी. सेनापती मंग थियानसोबत सैन्य किती होतं? त्याच ग्रंथात एके ठिकाणी तीन लाख, दुसऱ्या ठिकाणी एक लाख! लांबी ‘दहा हजार ली’, पण चिनी भाषेत दहा हजार म्हणजे ‘मोजता न येण्याइतकं’ असाही अर्थ होतो, आपल्याकडे ‘सहस्र’ म्हणतात तसा. एवढ्याशा आधारावर केवढी मोठी भिंत उभी राहिली बघा. कागदावर.

पुस्तकाचा जीव मात्र मिंग प्रकरणांत आहे. १४४९ मध्ये थुमू इथे मंगोलांनी खुद्द मिंग सम्राटाला कैद केलं. त्यानंतर पीत नदीच्या मोठ्या वळणातला ऑर्डोसचा प्रदेश हा दरबाराचा कायमचा वाद झाला. पर्याय तीन होते: स्वारी करून तो जिंकणं, मंगोलांशी व्यापार करणं, किंवा भिंत घालणं. स्वारी परवडत नव्हती, आणि व्यापार म्हणजे रानटी लोकांपुढे झुकणं असं बऱ्याच अधिकाऱ्यांना वाटे. मग यू त्सिच्युन या अधिकाऱ्याने १४७४ मध्ये सुमारे ४० हजार माणसं लावून काही महिन्यांतच १,७७० लींची भिंत घातली. पुढे १५४८ मध्ये ऑर्डोस परत जिंकण्याची योजना मांडणारा त्सेंग शिएन आणि त्याला पाठिंबा देणारा महामंत्री शिया यान या दोघांनाही दरबारी राजकारणात मृत्युदंड झाला. व्यापार मागणारा अल्तान खान १५५० मध्ये लुटालूट करत थेट बीजिंगच्या वेशीपर्यंत आला. १५७१ मध्ये त्याला पदवी आणि बाजार दिले आणि त्या बाजूचे हल्ले बरेच थंडावले. वॉल्ड्रन यांच्या मते भिंत म्हणजे दूरदृष्टीची योजना नव्हती. बाकी काहीच ठरवता येईना, तेव्हा उरलेला तो पर्याय होता. मला हा युक्तिवाद पटतो.

पण इथेच त्यांचं कमी पडणंही दिसतं. त्यांना ‘उद्देश’ दिसतो तो दरबारातल्या अर्जांत आणि वादांत. भिंतीवर उभा असलेला माणूस पुस्तकात जवळपास नाहीच. आणि भर मिंग काळावर असल्याने हान काळाला तुलनेने कमी जागा मिळते. १९३० मध्ये चुयान इथे हान काळातल्या चौक्यांच्या सुमारे दहा हजार लाकडी पट्ट्या सापडल्या. त्यांत धान्याचे हिशेब आहेत, इशाऱ्यांचे नियम आहेत, आणि रात्री कुणाची पावलं उमटली का हे कळावं म्हणून वाळू सारखी करण्याच्या कामाच्या नोंदी आहेत. आता ही पावलं कुणाची? फक्त आत येणाऱ्यांची? इसवी सन पूर्व ३३ मध्ये सीमेवरचा बंदोबस्त काढण्याची सूचना आली, तेव्हा हौ यिंग या अधिकाऱ्याने विरोधाची दहा कारणं दिली होती. आपलेच गुलाम आणि गुन्हेगार पलीकडे पळून जातील, हे त्यांत होतं. भिंत आतल्यांना अडवण्यासाठीही होती!

दुसरा धक्का निकोला दी कॉस्मो यांनी २००२ च्या ‘एन्शंट चायना अँड इट्स एनिमीज’मध्ये दिला. चिन साम्राज्याआधीच्या उत्तरेकडच्या भिंती शेतकऱ्यांच्या नाही, पशुपालकांच्या मुलखात उभ्या आहेत. म्हणजे त्या बचावासाठी नसून जिंकलेली जमीन ताब्यात ठेवण्यासाठी होत्या, असं ते म्हणतात. ‘संरक्षक भिंत’ हा शब्दही मग तपासावा लागतो.

मी विज्ञानाकडून आले, म्हणून साहित्याचा मुद्दा मला खटकला. दाबून घट्ट केलेली माती जागेवरच मिळते, म्हणून तर ती भिंत काही महिन्यांत झाली. विटा-चुन्याला भट्ट्या, सरपण, वाहतूक लागते, म्हणजे तिथे कायमचं राहायचं ठरलेलं असतं. बांधकामाचं साहित्य हाही उद्देशाचा पुरावा असतो, आणि वॉल्ड्रन तो हवा तितका वापरत नाहीत.

लांबीचंही तसंच. २००९ च्या चिनी सर्वेक्षणात मिंग भिंत ८,८५१.८ किमी भरली. त्यातली बांधलेली भिंत ६,२५९.६ किमी, खंदक ३५९.७ किमी, आणि उरलेले २,२३२.५ किमी म्हणजे डोंगर, नद्या असे नैसर्गिक अडथळे. २०१२ मध्ये सगळ्या राजवटींचं मिळून २१,१९६ किमी झालं. हे आकडे वॉल्ड्रन यांच्या हाताशी नव्हते. आकडा अचूक आहे, पण नदीला भिंत म्हणायचं की नाही हे आधी कुणीतरी ठरवलेलं आहे.

वेळ कमी असेल तर त्यांचा १९८३ चा ‘हार्वर्ड जर्नल ऑफ एशियाटिक स्टडीज’मधला लेख आधी वाचा, मग पुस्तकातली मिंग प्रकरणं, आणि लगेच दी कॉस्मो यांचं भिंतींवरचं प्रकरण. शेवटचं सोडू नका, नाहीतर वॉल्ड्रन यांच्याशी भांडायला काही हाती राहणार नाही.