पत्त्यावरचा पक्षी, पटावरचे गणित

विज्ञान शिकवण्यासाठी शाळांतून जे खेळ तयार केले जातात, त्यांत माहिती पुष्कळ असते. पण ती कोठे आणि कशी मांडायची याचा विचार बहुधा शेवटी होतो. या दृष्टीने 2019 साली आलेला ‘विंगस्पॅन’ हा अमेरिकन खेळ तपासण्याजोगा आहे. एलिझाबेथ हारग्रेव्ह यांनी रचलेल्या या खेळाच्या मूळ संचात उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांचे 170 पत्ते आहेत.

प्रत्येक पत्त्यावर नाव, शास्त्रीय नाव, अधिवास, खाद्य, घरट्याचा प्रकार, अंड्यांची मर्यादा, गुण आणि पंखांचा विस्तार एवढ्या बाबी आहेत. तरी गोंधळ होत नाही, कारण प्रत्येक बाबीची जागा ठरलेली आहे. अधिवास आणि खाद्य नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यात. पत्ते हातात पंख्यासारखे धरले की डावी कडाच तेवढी दिसते. निवड करताना लागणारी माहिती नेमकी तेथे आहे. खाद्याच्या पाच प्रकारांना रंग वेगळे आहेत, तशा आकृतीही वेगळ्या आहेत. त्यामुळे रंग ओळखण्यात अडचण असलेला मुलगाही अळी आणि मासा यांत चुकणार नाही.

पटाची योजना आम्हांला याहून सरस वाटते. जंगल, गवताळ प्रदेश आणि पाणथळ अशा तीन ओळी आहेत. डावीकडून पत्ते मांडत गेले की छापलेले आकडे झाकले जातात आणि पुढच्या मोकळ्या घरावर या खेपेस किती मिळणार ते दिसते. ओळीत पक्षी जास्त तर लाभ जास्त, हा नियम पाठ करावा लागत नाही. पटच तो सांगतो.

दोन उणिवा मात्र दाखवायला हव्यात. अंड्यांच्या छोट्या सोंगट्या निरनिराळ्या रंगांच्या आहेत, पण त्या रंगांना खेळात काहीही अर्थ नाही. जेथे इतर सर्व खुणा अर्थपूर्ण आहेत, तेथे नवशिक्या या रंगांतही अर्थ शोधणारच. दुसरी उणीव विज्ञानाच्या अंगाने अधिक गंभीर आहे. पंख पसरल्यावर जेमतेम 10 सेंटिमीटर भरणारा हमिंगबर्ड आणि अडीच मीटरांच्या घरातला पेलिकन, दोघांचीही चित्रे चौकट भरून काढलेली आहेत. खरे प्रमाण केवळ एका आकड्यात उरते, आणि तो आकडा खेळताना फार थोड्या पत्त्यांना लागतो. ज्या गुणावरून खेळाला नाव मिळाले, तोच डोळ्यांना दिसत नाही. एकाच प्रमाणात काढलेली लहानशी छायाकृती कोपऱ्यात असती, तरी हे साधले असते.

वर्गासाठी खेळ करताना यातून कामाचा क्रम घ्यावा. आधी सर्व माहितीचा तक्ता करावा. मग एका कोऱ्या पत्त्यावर प्रत्येक बाबीची जागा ठरवावी. पेन्सिलीने दहा पत्ते करून मुलांना खेळू द्यावे आणि ती कोठे अडखळतात ते टिपावे. चित्रे आणि रंग सर्वांत शेवटी. प्रत्येक रंगाला ‘तू येथे कशासाठी?’ असे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर तो गाळावा.