६५ टक्क्यांवर थांबू नका

जर्नल क्लबसाठी पेपर शोधताना आपण बहुतेक वेळा यशस्वी औषधाचा पेपर उचलतो. यावेळी एक फसलेलं औषध घ्या. २०१२ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ द रुमॅटिक डिसीजेस’मध्ये कीस्टोन आणि सहकाऱ्यांचा पेपर आला होता. औषध एझेडडी-९०५६, आजार रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात.

त्यामागची कल्पना अशी: इजा झालेल्या पेशीतून एटीपी बाहेर सांडतं, ते मॅक्रोफेजवरचा पी२एक्स७ हा रिसेप्टर उघडतं, पेशीतलं पोटॅशियम निघून जातं, इन्फ्लमसोम जुळतो आणि आयएल-१ बीटा बाहेर पडतं. मग रिसेप्टरच अडवला तर? तोही इंजेक्शनऐवजी साध्या गोळीने!

पेपरमध्ये दोन चाचण्या आहेत. पहिलीत ७५ रुग्ण. औषध घेणाऱ्यांपैकी ६५ टक्के जणांनी एसीआर-२० हा निकष गाठला. दुसरीत ३८३ जणांनी उपचार घेतले, आणि सहा महिन्यांनी कुठल्याच डोसचा प्लासिबोपेक्षा फरक दिसला नाही.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ‘लहान चाचणी, योगायोग’ म्हणून पान उलटलं. गाइड म्हणाल्या, “आणि सीआरपीचं काय झालं गं?” परत बघितलं. पहिल्या चाचणीतही रक्तातल्या दाहाच्या खुणा हललेल्या नव्हत्या! एसीआर-२० मध्ये दुखरे-सुजलेले सांधे दाबून मोजतात, रुग्णाला कसं वाटतंय तेही विचारतात. सीआरपी त्यातल्या अनेक घटकांपैकी फक्त एक, त्यामुळे तो जागचा न हलताही निकष गाठता येतो. म्हणजे इशारा पहिल्याच चाचणीत होता.

लेखकांनी काही लपवलेलं नाही. माझी तक्रार आपल्या इंट्रोडक्शनबद्दल आहे, जिथे पी२एक्स७ अजूनही सरसकट ‘आशादायक टार्गेट’ असतं. आपण डिशमध्ये पेशींना आधी एलपीएस देतो, मग मिलिमोलर एटीपी ओततो. तिथे आयएल-१ बीटाला दुसरा रस्ताच ठेवलेला नसतो, मग आयसी-५० सुंदर येणारच. सांध्यात मात्र इतर वाटा आहेत, शिवाय टीएनएफ आणि आयएल-६ आहेतच. थेट आयएल-१ चा रिसेप्टर अडवणारं अनाकिन्रासुद्धा आमवातात टीएनएफ-विरोधी औषधांपेक्षा कमी पडतं. मग त्याच्या वरच्या टप्प्यावर बसलेल्या रेणूकडून जास्त अपेक्षा कशाच्या जोरावर ठेवायची? बरं, दोष एकाच रेणूचा म्हणावा, तर फायझरचा सीई-२२४५३५ हा वेगळा रेणूही आमवातात असाच निष्फळ ठरला.

(प्राण्यांवरचा डेटा वाचताना जात बघा. केएन-६२ माणसाचा पी२एक्स७ छान अडवतं, उंदराच्या मोठ्या भावाचा, म्हणजे रॅटचा, जवळजवळ नाही.)

माझ्या सिनॉप्सिसच्या शीर्षकात ‘आमवातावरील औषध’ असं होतं. गेल्या आठवड्यात ते खोडलं. आता तिथे फक्त रिसेप्टरचं आणि पेशींचं नाव आहे. शीर्षक आधीपेक्षा रुक्ष झालंय, आणि कमिटीला ते पटवायचं अजून बाकी आहे.