बोल्ड करण्याआधी: निर्णयसागरी वळणाच्या अक्षरांबद्दल थोडं

पोस्टर असो, मराठी सारांश असो की विज्ञानावरचा लेख, टाइप करायला बसलात की हात आपोआप कंट्रोल आणि बी या दोन कळांवर जातो. शीर्षक बोल्ड, संज्ञा बोल्ड, निष्कर्ष तर अख्खाच बोल्ड. म्हणून आज फॉन्टचं परीक्षण. रसायनशास्त्रवालीने हे कशाला करायचं, असं वाटेल. पण आमच्याकडे ठळक अक्षराला नेमका अर्थ असतो. संशोधनपत्रिकेत संयुगांना दिलेले क्रमांक ठळक छापतात, भौतिकीवाले सदिश ठळक लिहितात. तिथे ठळकपणा सजावट नसून खूण असते.

आधी एक गैरसमज काढू. सेरिफ म्हणजे रोमन अक्षरांच्या टोकांना असणारे छोटे पाय. देवनागरीत ते नाहीत. आपल्याकडे पारंपरिक अक्षराची ओळख म्हणजे तिरक्या कापाच्या बोरूतून येणारी जाड-बारीक रेघ. ‘नोटो सेरिफ देवनागरी’ या नावातलं ‘सेरिफ’ म्हणजे या जाड-बारीकपणाला लावलेलं उसनं लेबल.

या वळणाचं छपाईतलं सर्वांत नावाजलेलं रूप मुंबईच्या निर्णयसागरचं. जावजी दादाजी चौधरी यांनी 1864 मध्ये टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि 1869 मध्ये छापखाना. त्यांच्यासोबत राणोजी रावजी आरू हे खिळ्यांचे पंच कोरणारे कसबी कारागीर होते. निर्णयसागरचा एखादा संस्कृत ग्रंथ मिळाला तर नुसतं पान बघा. मूळ श्लोक मोठ्या अक्षरात, टीका लहान अक्षरात. आजच्यासारखी बोल्डची पखरण नाही, तरी नजर चुकत नाही. अक्षर मुळातच भरदार आहे. श्रेणी दाखवायचं काम आकार आणि मोकळी जागा करतात. मला हे आजच्या कित्येक प्रबंधांपेक्षा जास्त वाचनीय वाटतं, आणि त्यात जुन्याचं कौतुक म्हणून काही नाही.

मजकुरातला एकच शब्द उठून दिसावा म्हणून ठळक टाइप जोडीला घ्यायची सवय रोमन छपाईतली. लंडनमध्ये 1845 साली रॉबर्ट बेस्ली यांच्या फाउंड्रीने ‘क्लॅरेंडन’ काढला. जाहिरातीत वापरायचे जाडजूड टाइप त्याआधीही होते, पण हा साध्या मजकुराच्या शेजारी नीट बसायचा. शब्दकोशात नोंदीचा शब्द पटकन सापडावा, इतकं साधं काम. शोधायला ठळक, वाचायला साधं. ही विभागणी अजून पक्की आहे.

देवनागरीत मात्र अडचण वेगळी आहे. ध आणि घ, भ आणि म, थ आणि य यांच्यातला बराचसा फरक शिरोरेघेतल्या छोट्या फटीवर आणि एका गाठीवर उभा असतो. रेघ जाड केली की फट बुजते, गाठ भरून जाते. पुरुषोत्तमनगरहून शहाद्याला जाऊन झेरॉक्स काढली, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स निघाली, की उरलीसुरली फटही गेली. कथा-कादंबरीत संदर्भावरून भागतं. पण ‘धन’ म्हणजे धनप्रभाराचा आणि ‘घन’ म्हणजे घनरूप, हे अक्षरावरूनच कळायला हवं. वाचणाऱ्याने अंदाज बांधायचा नसतो.

आता आजचे दोन फॉन्ट. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा निर्णयसागरच्या वळणावरून प्रेरणा घेतलेला, फुकट मिळणारा फॉन्ट. अक्षरांची पोटं मोकळी, ल आणि श मराठी वळणाचे. सलग मजकुरासाठी मी आधी हाच सुचवेन. पण यात साधं आणि तिरपं एवढंच आहे, बोल्ड नाही! तरी वर्डमध्ये ‘बी’ दाबलं की अक्षर जाड होतंच. कसं? सॉफ्टवेअर बाह्यरेषा सरसकट फुगवतं. जाड रेघ जाड होते, बारीकही तेवढीच, आणि ज्या जाड-बारीकपणासाठी फॉन्ट घेतला तोच पुसट होतो. वर फटी बुजतात त्या वेगळ्याच. एखाद्या कंपनीचं नाव घेऊन ओरडण्यासारखं यात काही नाही, सोय म्हणून दिलेली गोष्ट आहे. पण ती वापरायची की नाही, हे आपल्या हातात आहे.

‘नोटो सेरिफ देवनागरी’मध्ये अगदी बारीकपासून अतिजाडपर्यंत वजनं मिळतात आणि ती मुद्दाम रेखाटलेली आहेत. त्याचा ठळक टाइप पोस्टरच्या मथळ्याला शोभतो, दुरून वाचता येतो. परिच्छेदभर लावाल तर पान काळं पडेल. मला त्याच्या साध्या वजनात टिरोची लय सापडत नाही, हेही सांगून टाकते. म्हणून मजकूर टिरोत आणि मथळे नोटोच्या ठळकमध्ये, ही जोडी करून बघा. दोन्हींच्या अक्षरांची उंची डोळ्यांनी जुळवून घ्यावी लागते, आकड्याने नाही.

एका ठिकाणी मी ठळकची बाजू घेईन. वनस्पती-प्राण्यांची शास्त्रीय नावं रोमनमध्ये तिरपी छापतात. देवनागरीत तिरपं अक्षर बाहेरून आलेलं, आणि ते ओळीत फारसं वेगळं दिसतही नाही. मराठी लेखात संज्ञा पहिल्यांदा येते तेव्हा, एकदाच, खऱ्या ठळकमध्ये द्यायला हरकत नाही. दुसऱ्यांदा साधीच.

कोणताही फॉन्ट निवडण्याआधी ‘धन, घन, भाग, माग, सूक्ष्म, वैशिष्ट्य’ एवढे शब्द 11 पॉइंटमध्ये साधे आणि बोल्ड छापा. त्यांची झेरॉक्स काढा आणि तुमच्या विषयातलं काही न कळणाऱ्या माणसाला वाचायला द्या.