शब्दांवांचून ब्लूज

घरच्या घरीं वाद्य वाजवावें, त्याचें ध्वनिमुद्रण करावें आणि तें इंटरनेटच्या द्वारें अपरिचित श्रोत्यांपुढें ठेवावें, असा प्रघात गेल्या वीस वर्षांत जगभरच्या हौशी वादकांत रूढ झाला आहे. त्यांतही ब्लूज ह्या अमेरिकन गानप्रकाराचें शब्दविरहित वादन करणारे लोक पुष्कळच आढळतात. दिवसभर कचेरींत राबून रात्रीं गिटार मांडीवर घेणारे गृहस्थ, निवृत्त शिक्षक, महाविद्यालयांतील विद्यार्थी, असे सर्व थरांतले लोक त्यांत आहेत. आणि २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाल्यापासून आमच्या वाशीम जिल्ह्यासारख्या आडबाजूच्या मुलुखांतूनही असलें वादन ऐकावयास मिळूं लागलें आहे. साहित्याला वाहिलेल्या मासिकांत ह्याचा विचार कशाला, असें कोणी विचारील. परंतु शब्द टाकून दिल्यावर एखाद्या गीतप्रकाराचें काय उरतें, हा प्रश्न मुळांत साहित्याचाच आहे. वाशीम म्हणजे जुनें वत्सगुल्म. राजशेखरानें 'काव्यमीमांसें'त काव्यपुरुष व साहित्यविद्या ह्यांचा विवाह ह्याच नगरांत लावून दिला आहे. शब्दाची सोयरीक जेथें जुळली त्या गांवचे आम्ही; तेव्हां शब्द टाकणाऱ्या कलेकडे आम्हीं थोड्या संशयानें पाहिलें तर वाचक क्षमा करतील. शिवाय ह्या वादनाविषयीं जें बोललें जातें तें एक तर कौतुकाचें असतें, नाहीं तर तुच्छतेचें असतें. कौतुक करणारे तें हौस म्हणून सोडून देतात, तुच्छ लेखणारे नक्कल म्हणून सोडून देतात. दोघांपैकीं ऐकत कोणीच नाहीं, ही आमची तक्रार आहे.

ब्लूजचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिण भागांत, कायद्यानें गुलामगिरींतून सुटलेल्या पण कर्जानें पुन्हां बांधल्या गेलेल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांत व मजुरांत झाला. मिसिसिपी नदीच्या कांठचीं कापसाचीं शेतें हें त्याचें एक प्रमुख माहेर. १९०३ च्या सुमारास टटवायलर नांवाच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत असतां डब्ल्यू. सी. हँडी ह्या संगीतकारानें एका फाटक्या कपड्यांतल्या माणसाला गिटारीच्या तारांवर सुरी दाबून वाजवितांना व एकच ओळ पुन्हां पुन्हां गातांना ऐकलें. ही हकीकत त्यानें १९४१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रांत सांगितली आहे. ह्या गाण्याची रूढ बैठक अशी: ४ मात्रांचे १२ खंड, म्हणजे ४८ मात्रांचें एक आवर्तन. त्याचे तीन सारखे भाग पडतात. पहिल्या भागांत गाणारा एक ओळ म्हणतो, दुसऱ्यांत बहुधा तीच पुन्हां म्हणतो, व तिसऱ्यांत तिच्याशीं यमक जुळणारी निराळी ओळ म्हणतो. परंतु ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. प्रत्येक भागाच्या चार खंडांपैकीं सुमारें दोनच गाणाराच्या वाट्याचे असतात; उरलेले दोन वाद्याचे. गळा विचारतो, तार उत्तर देते. आपल्याकडे पोवाड्यांत शाहिराच्या मागें जे झीलकरी उभे असतात त्यांचेंच काम येथें गिटारीच्या सहा तारा करतात. भेद इतकाच कीं, ब्लूजमध्यें शाहीर व झीलकरी हे पुष्कळदां एकच माणूस असतो.

आतां शब्द काढून टाकले म्हणजे गाणाराचे दोन खंड मोकळे पडतात. हौशी वादक ते मोकळे ठेवीत नाहीं. त्याला वाटतें, जागा आहे ती भरली पाहिजे. आणि तो गळ्याचेही खंड भरतो व तारेचेही भरतो. झील चालू आहे आणि शाहिराचा पत्ता नाहीं, अशी अवस्था होते. न विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें माणूस किती वेळ ऐकेल? आम्हांला असल्या ध्वनिमुद्रणांचा कंटाळा येतो तो सूर चुकल्यामुळें नव्हे. बहुतेकांचे सूर आमच्या अपेक्षेहून पुष्कळच बरे असतात.

शब्दांवांचून ब्लूज ही कांहीं हौशी मंडळींनीं काढलेली टूम नव्हे, असें येथें जाणकार म्हणतील, आणि तें खरें आहे. लिटल वॉल्टर ह्यानें माउथ ऑर्गनवर वाजविलेली 'ज्यूक' १९५२ सालीं अमेरिकेंत फार गाजली, व फ्रेडी किंगच्या 'हाइड अवे'लाही १९६१ सालीं तशीच लोकप्रियता लाभली. पण तीं वादनें लक्ष देऊन ऐकावीं. 'ज्यूक'च्या आरंभीं एक लहानशी सुरावट येते, तीच पुन्हां येते, आणि आणखी पुन्हां येते. ती ओळच आहे. तिला शब्द नाहींत इतकेंच. २०१५ सालीं निवर्तलेले बी. बी. किंग हे गात असतां गिटार वाजवीत नसत, आणि गिटार वाजवूं लागले म्हणजे गात नसत. दोन्ही एकदम आपल्याला जमत नाहीं, असें ते स्वतःच सांगत. त्यांच्या तारेला जो श्वास आहे तो ह्या न जमण्यांतून आलेला आहे, असें आम्हांस वाटतें. सर्वांत मोठा दाखला ब्लाइंड विली जॉन्सन ह्या अंध गायकाचा. १९२७ सालीं त्यानें एका जुन्या प्रार्थनागीताचे शब्द गाळून, नुसतें गुणगुणत व कण्हत, स्लाइडनें त्याला उत्तर देत जें मुद्रित केलें, तें १९७७ सालीं व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडींतून अंतराळांत गेलें. गोमंतकांतील केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी त्याच तबकडींत आहे. जॉन्सनचे शब्द गेले, पण गळा राहिला. बाकीच्यांत गळा दिसत नसला तरी तो तारेच्या पोटांत असतो.

घरगुती ध्वनिमुद्रणही नवें नाहीं. १९४१ च्या ऑगस्टांत ॲलन लोमॅक्स व जॉन वर्क हे संशोधक अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाकरितां मिसिसिपींतील स्टोव्हॉल नांवाच्या मळ्यावर गेले, व मकिन्ली मॉर्गनफील्ड नामक मजुराला त्याच्याच घरांत बसवून त्यांनीं त्याचें गाणें मुद्रित केलें. आपला आवाज यंत्रांतून परत ऐकल्यावर आपणही हें करूं शकतों असा विश्वास त्याला आला. १९४३ सालीं तो शिकागोस गेला व मडी वॉटर्स ह्या नांवानें जगप्रसिद्ध झाला. आपलें वादन आपणच बाहेरून ऐकणें ह्यांत केवढी शक्ति आहे! आजच्या हौशी वादकाला ती फुकट मिळते. मात्र तिच्या जोडीला पुसण्याची सोयही मिळते, आणि एका रात्रींत चाळीस वेळां पुसून एकेचाळिसाव्या वेळीं जें उरतें तें निर्दोष असतें व निर्जीव असतें.

उदाहरणादाखल आमच्या जिल्ह्यांतील एका तरुणाचें साडेतीन मिनिटांचें वादन घेऊं. तो कोणी व्यावसायिक नव्हे, म्हणून त्याचें नांव देत नाहीं. गिटार साधी आहे. करंगळींत कांचेच्या बाटलीची घांसून घेतलेली मान आहे. मोबाइल टेबलावर ठेवलेला असावा, कारण पायाचा ठेका लांकडांतून आल्यासारखा ऐकूं येतो. छताचा पंखा फिरत आहे. पहिल्या दोन आवर्तनांत अंगठ्यानें छेडलेल्या खर्जाच्या तारेखेरीज साथ कसलीही नाहीं. तो कोमल गंधारावर कांच ठेवतो, ती हळूहळू शुद्ध गंधाराकडे सरकवितो, पण तेथपर्यंत जात नाहीं. वाटेंतच थांबतो आणि तार विझूं देतो. पंख्याचा आवाज वर येतो. मग खालच्या तारेवर दोनच स्वरांचें उत्तर येतें, आणि पुन्हां तीच ओळ, ह्या वेळीं किंचित् उशिरां. एवढ्यापुरतें हें वादन नांवाजलेल्या वादकांच्या पंक्तीस बसण्याजोगें आहे, असें आम्ही निःसंकोचपणें म्हणतों. तिसऱ्या आवर्तनापासून मात्र एक तयार बॅकिंग ट्रॅक सुरू होतो. ड्रम, बेस, ऑर्गन, सर्व कांहीं यथासांग. आणि आमचा तरुण, पंगतींत वाढपी घाईनें वाढीत सुटावा तसा, स्वर वाढीत सुटतो. शेवटचे दीड मिनिट आम्हीं कर्तव्य म्हणून ऐकलें.

ह्या तयार ट्रॅकविषयीं थोडें अधिक लिहिणें अवश्य आहे, कारण घरगुती ब्लूजचा खरा रोग तोच आहे. तबलजी गवयाचें ऐकतो. गवई अडला तर तो ठेका धरून थांबतो. ट्रॅक ऐकत नाहीं. जॉन ली हुकर बारा खंडांचा हिशेब पाळीत नसत. त्यांची ओळ संपेल तेथें खंड संपे, आणि साथीदारांची तारांबळ उडे. असल्या माणसाला ट्रॅकबरोबर वाजवितांच आलें नसतें.

दुसरी गोष्ट स्वरांची. सा, कोमल ग, म, प व कोमल नि हे पांच स्वर म्हणजे आपला धानी, आणि दोन्ही गंधार घेणारा जोग ज्यानें ऐकला आहे त्याला ब्लूज परका वाटत नाहीं. म्हणून आपल्याकडचे वादक त्यांत चटकन शिरतात. पण हें साम्य फसवें आहे. जोगांत चढतांना शुद्ध व उतरतांना कोमल, असे दोन गंधारांचे मार्ग ठरलेले आहेत. ब्लूजचा गंधार ह्या दोहोंच्या मधल्या जागेंत हेलकावतो. शिवाय आपला षड्ज अढळ असतो, तंबोरा त्याला हलूं देत नाहीं. ब्लूजमध्यें पांचव्या खंडाला साथीचा आधार मध्यमावर सरकतो, आणि जो कोमल गंधार आतांपर्यंत गंधार होता तोच, जागचा न हलतां, नव्या आधाराचा कोमल निषाद होतो. घरांत नवें माणूस आल्यानें जुन्याचें नातें बदलावें, तसें हें आहे. पहिल्या दोन आवर्तनांत आमच्या तरुणाला तें आपल्या अंगठ्यानें घडवून आणावें लागत होतें, म्हणून त्याला तें ऐकूं येत होतें. पुढें तें काम ट्रॅक करूं लागला, आणि त्याचा कान सुटला.

आतां नकलेचा आक्षेप. वऱ्हाडच्या पोराला ब्लूजचा अधिकार कोणता? ह्याचें एक गोंडस उत्तर तयार आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धांत तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाडाकडे वळल्या, भाव आकाशाला भिडले. युद्ध संपलें, भाव उतरले, आणि सावकाराच्या वह्या तेवढ्या राहिल्या. २००६ सालीं पंतप्रधानांनीं विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांच्या शेतकऱ्यांकरितां मदत जाहीर केली त्यांत वाशीम होतें. तेव्हां कापूस तोच, कर्ज तेंच, म्हणून गाणेंही आपलेंच! आम्हांला हा युक्तिवाद मान्य नाहीं. दुःख हा कलेचा परवाना नव्हे, आणि दुसऱ्याच्या आजाचें दुःख स्वतःच्या नांवावर चढविणें हें नकलेहून वाईट आहे. दुःखाचें गाणेंच हवें असेल तर तें लांबून आणावयास नको. ह्याच जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांत बंजारा तांड्यांवर नवरी सासरीं जातांना ढावलो म्हणते, तें रडणेंही आहे आणि गाणेंही आहे.

अधिकार ऐकण्यानें येतो. १९३५ सालीं लिऑन ॲबी ह्यांचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागला, तेव्हां चर्चच्या शाळांतून नोटेशन शिकलेल्या गोमंतकीय वादकांनीं, जें कागदावर नव्हतें तें कानानें उचललें. चिक चॉकलेट ह्यांच्यासारख्यांनीं त्याचा रंग पुढें हिंदी चित्रपटांतही नेला. उलट दिशेनें ब्रिजभूषण काबरा ह्यांनीं हवाईच्या बेटांवरून आलेल्या गिटारीवर राग वाजविले, व १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्यें ती गिटार संतूर व बांसरी ह्यांच्या बरोबरीनें बसली. त्यांचा अधिकार कोणीं विचारला?

राहतां राहिला प्रश्न श्रोत्यांचा. बैठकींत दाद त्या क्षणीं मिळते, आणि न मिळाली तर तेंही त्या क्षणीं कळतें. इंटरनेटवरील दाद मागाहून येते, व बहुधा 'छान', 'सुंदर' ह्या दोन शब्दांत आटोपते. वरील तरुणाच्या वादनाखालीं असे पुष्कळ शब्द होते. तिसऱ्या आवर्तनापासून काय बिघडलें हें एकानेंही लिहिलेलें नव्हतें. परंतु ह्या मंडळींत एक चांगली चालही आहे. एकानें अपुरें वादन मुद्रित करून दुसऱ्याकडे पाठवावें, त्यानें आपला भाग त्यांत भरून परत करावें. दोघांची गांठ आयुष्यांत पडलेली नसली तरी चालतें. येथें मात्र ऐकल्यावांचून गत्यंतर नसतें.

त्याच तरुणाचें असें एक दुसरें वादन आहे. त्यांत ट्रॅक नाहीं. प्रत्येक भागांतले शेवटचे दोन खंड त्यानें मोकळे सोडले आहेत, आणि कारंज्याकडच्या एका भजनी पेटीवाल्यानें ते घेतले आहेत. हें वादन निर्दोष मुळींच नाहीं: पेटीवाला भजनाच्या संवयीनें लय चढवीत नेतो, व त्याच्या ह्या चढत्या लयीशीं आधीं मुद्रित झालेली गिटार जुळत नाहीं. पेटीला मींडही नाहीं. दोन गंधारांच्या मधली जागा तिच्या पट्ट्यांत कोठून असणार? पण त्यानें तरुणाचा गंधार ऐकला असला पाहिजे. तो कोमल व शुद्ध असे दोन्ही गंधार एकदम दाबतो. अमेरिकेंतले पियानोवाले हेंच करीत आले आहेत, हें त्याला कोणीं सांगितलें असेल असें वाटत नाहीं. चौथ्या आवर्तनांत आपले दोन खंड आले असतां तो कांहींच वाजवीत नाहीं. नुसता भाता हलतो, आणि पलीकडच्या खोलींतला पंखा.