पडद्यावरचे हवामान आणि गावकुसाबाहेरची हवा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भीमनगरच्या समाजमंदिरात तीन रात्री चित्रपट दाखविण्यात आले. शहरातील एका पर्यावरणप्रेमी संस्थेने हा कार्यक्रम आणला होता. चित्रपट दोन त्यांनी निवडलेले, तिसरा आमच्या पोरांनी मागून घेतलेला. प्रत्येक रात्री हवामानबदलावर एक व्याख्यान होणार होते. पाहुण्यांचा परिचय करून देण्याचे काम माझ्याकडे आले, कारण वस्तीत प्राध्यापक मी एकटाच. या तीन रात्रींविषयी लिहायचे ते चित्रपटसमीक्षा म्हणून लिहावे की आत्मपरीक्षण म्हणून, हे लिहायला बसेपर्यंत माझे मलाच ठरत नव्हते.

पहिल्या रात्रीचा चित्रपट नीला माधब पांडा यांचा ‘कडवी हवा’ (२०१७). बुंदेलखंडातील एक गाव, सतत पावसाने दगा दिलेला, कर्जाखाली पिचलेला. वर्गात मास्तर ऋतू किती असे विचारतो आणि एक पोरगा दोनच सांगतो, कारण पाऊस त्याने ऋतू म्हणून पाहिलेलाच नाही. हा प्रसंग आमच्या लोकांना लगेच भिडला. संजय मिश्रांचा आंधळा हेदू आपला मुलगा गळ्याला फास लावील या भीतीने बँकेच्या वसुलीवाल्याशीच संगनमत करतो, आणि गावात कोणाकडून पैसे निघतील हे त्याला सांगत सुटतो. वसुलीवाला गुनू (रणवीर शौरी) स्वतः ओडिशाच्या किनाऱ्यावरचा, तिकडे त्याच्या घराला वादळाचे भय. एकाला दुष्काळ, दुसऱ्याला पूर, आणि दोघे एकमेकांच्या नरडीला. हवामानाचा प्रश्न आकडे न सांगता इतक्या थेटपणे मांडणारा दुसरा हिंदी चित्रपट मला आठवत नाही. मराठीत सतीश मनवरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) या जवळ जातो.

तरीही चित्रपट संपल्यावर आमच्या एका आजीने जो प्रश्न विचारला त्याने माझे समीक्षकाचे टिपण बाजूला पडले. आजीचे वय सत्तरीपुढे. ती म्हणाली, “सर, दुष्काळ त्या कास्तकाराला पडला ते दिसलं. पण त्याच्या रानात खुरपायला जाणारी बाई कुठं हाय? तिला कर्ज तरी कोण देतंय?”

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आजीला हेदूविषयी सहानुभूती नव्हती असे नाही. ती रडली होती. पण आपल्याकडे दुष्काळाचा नायक ठरून गेला आहे. तो सात-बाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आहे. त्याची वेदना खरी आहे, त्याची आत्महत्या खरी आहे. मात्र ज्याचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नाही तो बँकेच्या यादीत नसतो, म्हणून आत्महत्येच्या यादीत नसतो, म्हणून पटकथेतही येत नाही. १९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जात होती. कामावर मिळणारी सुकडी ती पदरात बांधून घरी आणी. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. या राज्याच्या इतिहासातील ती मोठी गोष्ट आहे, आणि ती खडी फोडणाऱ्या बायांच्या हातांवर उभी आहे. त्यांचा चित्रपट अजून यायचा आहे. दया पवारांनी धरणावर राबणाऱ्या बाईची कविता लिहिली, बाया ती ओवीसारखी गातात. कवितेने ते काम केव्हाच केले. कॅमेरा मात्र अजून बांधावरच उभा आहे, बांधाच्या खाली उतरलेला नाही.

या प्रश्नावर त्या रात्रीच्या व्याख्यात्यांनी काय उत्तर दिले? ते म्हणाले, “आजी, निसर्ग जात पाहत नाही.” लोकांनी टाळ्या वाजविल्या. मीही वाजविल्या, आणि ते मला आजही डाचते.

निसर्ग जात पाहत नसेल. पण निसर्गापर्यंत जाणारी वाट जातीनेच आखलेली आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते काय तळ्यात पाणी नव्हते म्हणून? पाणी होते, वाट नव्हती. पुढे त्या तळ्याचा खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला १९३७ साल उजाडले. पाण्यावरच्या हक्काला दहा वर्षे कोर्टात उभे राहावे लागले, हा आमच्या पर्यावरणाचा पहिला धडा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, देशभर त्याची छायाचित्रे झळकली. त्याच मराठवाड्यात ऊस उभा होता आणि कारखाने होते, हे त्या छायाचित्रांत मावले नाही. ऊस तोडायला बीडकडून जाणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याचे उघड झाले तेव्हा २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाणी, ऊस, गर्भाशय ही एकच साखळी आहे. ‘पर्यावरण’ या शब्दात ती यायला हवी की नको, एवढाच माझा प्रश्न आहे.

दुसऱ्या रात्री शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ (२०२२) दाखविला. सनडान्सचा मोठा पुरस्कार, कानचा माहितीपटासाठीचा पुरस्कार, ऑस्करचे नामांकन अशी त्याची कीर्ती. मला धास्ती होती की संथ चित्रपट आहे, लोक उठून जातील. कोणी उठले नाही. दिल्लीच्या वजिराबादेतले नदीम आणि सौद हे दोन भाऊ तळघरात जखमी घारींवर उपचार करतात. आकाश विषारी झाले आहे, पतंगाच्या मांज्याने पंख चिरले जात आहेत आणि घारी वरून खाली पडत आहेत. उंदरांनी भरलेला उकिरडा, डबक्यातले किडे, तारांवरची माकडे यांच्यावर हा कॅमेरा फार सावकाश फिरतो. कुठेही नाक मुरडत नाही. निसर्ग म्हणजे हिरवळ आणि झरा असे मानणाऱ्या मराठी निसर्गकवितेला हा चित्रपट परका वाटेल. ज्यांनी ‘गोलपिठा’ वाचला आहे त्यांना वाटणार नाही. नामदेव ढसाळांनी १९७२ साली ज्या गटारांना कवितेत आणले तेही पर्यावरणच होते; फक्त तेव्हा त्याला कोणी पर्यावरण म्हटले नाही, घाण म्हटले.

या भावांच्या कहाणीत एक तपशील आहे. पहिल्यांदा जखमी घार सापडली तेव्हा ती घेऊन ते पक्ष्यांच्या दवाखान्यात गेले. दवाखान्याने घार नाकारली, कारण घार मांस खाते. हा तपशील कळताच समाजमंदिरात हशा पिकला. तो कडवट हशा होता. पक्ष्यांतही पंगत वेगळी! कचऱ्याच्या डोंगरावर उतरून जी घार दिल्लीची घाण साफ करते तिलाच दवाखाना बंद. आमच्या लोकांना हे रूपक कोणी उलगडून सांगावे लागले नाही. नगरपरिषदेच्या ठेकेदाराकडे गटारसफाईला जाणारा एक पोरगा मागून म्हणाला, “घारीला पट्टी बांधणारा कोणीतरी भेटला, सर. आम्हाला ठेकेदारानं हातमोजेसुद्धा दिले नाहीत.” हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला, आणि माणसे गटारात मरतच आहेत. या विषयावर दिव्या भारती यांनी ‘कक्कूस’ हा तमिळ माहितीपट केला, तर २०१७ साली तामिळनाडूत पोलिसांनी त्याची प्रदर्शने ठिकठिकाणी रोखली. घारीचा चित्रपट ऑस्करपर्यंत जातो आणि गटारातल्या माणसाचा चित्रपट सभागृहापर्यंतही पोचू दिला जात नाही. यात शौनक सेन यांचा दोष नाही. त्यांच्या चित्रपटात नागरिकत्व कायद्याचे दिवस आहेत, दिल्लीची दंगल आहे, मुसलमान भावांच्या घरातली धास्ती आहे. कोणी श्वास घ्यायचा हा प्रश्न त्यांनी टाळलेला नाही.

टाळला तो त्या रात्रीच्या व्याख्यानाने. घार नाकारणाऱ्या दवाखान्याला हसून दहा मिनिटे झाली नसतील, तोच पडद्यावर पाटी आली: मांसाहार सोडा, पृथ्वी वाचवा. पंख्याच्या आवाजाखेरीज काही ऐकू येईना. जगात मांसासाठी जंगले तोडली जातात हे खोटे नाही, गुराढोरांमुळे तापमान वाढते हेही शास्त्र आहे. पण कोणाला सांगता? २०१५ पासून या राज्यात बैल कापणेही गुन्हा आहे, म्हणजे गरिबाच्या ताटातले सर्वांत स्वस्त मांस कायद्याने आधीच काढून घेतलेले. अमेरिकेतला माणूस वर्षाला सुमारे १४ टन कार्बन वायू हवेत सोडतो, भारतातला सरासरी सुमारे २ टन. त्या २ टनांतही बंगला, गाडी, विमानप्रवास करणारे मोजलेले आहेत. पत्र्याच्या घरात एका पंख्यावर मे महिना काढणाऱ्याच्या वाट्याला किती येते ते ज्याने त्याने ताडावे. “आपण सर्वांनी पृथ्वीचा नाश केला,” असे व्याख्याते म्हणाले. हे ‘आपण’ फार सोयीचे सर्वनाम आहे. पाणवठ्यावर, देवळात, जमिनीच्या वाटपात आम्ही ‘आपण’मध्ये नव्हतो. पापाची वाटणी सुरू झाली की आमच्यासाठी पंगतीत जागा होते.

उपाययोजनांचीही हीच गत. वक्त्यांनी सौरऊर्जेची स्तुती केली. ती मलाही हवी आहे. पण सौरप्रकल्पांसाठी गायराने दिली जात असताना त्या गायरानावर कोण कसतो हे विचारायला नको? दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी ज्या पडीक जमिनींचा हक्क मागितला, त्यातल्या कितीतरी आजही कागदावर अतिक्रमण आहेत. कोळसा जाऊन सूर्य आला तरी भूमिहीन भूमिहीनच राहणार असेल, तर त्याने कोणत्या आनंदाने टाळ्या वाजवाव्यात?

तिसऱ्या रात्री व्याख्यान झाले नाही. वक्त्यांना दुसरे काम निघाले, असा निरोप आला. पोरांनी मागितलेला आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ (१९८५) तेवढा लावला. मुंबईतल्या झोपड्या पाडल्या जातात, आणि शहर स्वच्छ व सुंदर असावे असे सुखवस्तू लोक कॅमेऱ्यापुढे बोलतात. पर्यावरण हा शब्द आज जसा वापरला जातो त्याची सुरुवात तेथे ऐकू येते. घर पाडलेली एक बाई चित्रपट काढणाऱ्यालाच फैलावर घेते: तुम्ही आमचे फोटो काढून काय करणार? दिग्दर्शकाने हा प्रसंग कापला नाही, ही त्या चित्रपटाची नैतिकता. तीन रात्रींत पडद्यावरून पडद्याला विचारलेला हा एकमेव प्रश्न. आणि त्यात विलास घोगरे गातात. १९९७ साली रमाबाई नगरातल्या गोळीबारानंतर ज्यांनी आपला जीव संपविला, तेच शाहीर. त्यांचा आवाज सुरू झाल्यावर मागच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी डफाशिवायच ताल धरला.

मला भीमराव कर्डकांच्या जलशांची आठवण झाली. पाहिलेले नाहीत, वडिलांकडून ऐकलेले. वस्तीतला पडदा हा खरे तर जलशाचा वारस आहे. पण जलसाकार वस्तीतून उठत असे, आणि त्याच्या फडात समोरच्याला उलटून बोलायची मुभा होती. हे चित्रपट आमच्याकडे येतात ते बांधून, शिक्का मारून. चर्चेला वीस मिनिटे, त्यातली पंधरा वक्त्याची.

कार्यक्रमानंतर संस्थेने माझ्याकडे अहवालाचा एक छापील कागद पाठविला. त्यात ‘जागृती झालेल्यांची संख्या’ असा रकाना होता. मी तेथे एक आकडा लिहिला, वक्त्यांचा धरून दोन, आणि दुसरा मी. संस्थेचे उत्तर अजून आलेले नाही. आजी विचारते, पुढचा पिक्चर कधी. आणि नाल्याकाठच्या घरांत पावसाचे पाणी शिरते तेव्हा मोबाईलवर काढून ठेवा म्हणून पोरांना सांगते. दोन पावसांचे चित्रण पोरांकडे जमले आहे. आवाज नीट आलेला नाही, चित्र हलते. ते समाजमंदिरात केव्हा लावायचे यावर सध्या वाद चालू आहे.