घरगुती चित्रपटकलेचा ताळेबंद

चित्रपट ही कला महाराष्ट्रात जन्मली ती घरात, ही गोष्ट तिच्या पुढील वैभवाच्या झगमगाटात आपण बहुधा विसरूनच गेलो आहोत. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचे रोप कसे वाढते हे एकेक चित्र टिपून पडद्यावर दाखवले. त्यानंतर वर्षभरात ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला तेव्हा कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम पत्नी सरस्वतीबाई करीत होत्या, रोहिदासाची भूमिका मुलगा भालचंद्र करीत होता, आणि पुढे १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण म्हणून अवतरली ती त्यांचीच कन्या मंदाकिनी. ज्या कलेचे बारसे असे एका कुटुंबात झाले, ती नंतर स्टुडिओंच्या, भांडवलदारांच्या आणि वितरकांच्या ताब्यात गेली, आणि शंभर वर्षांचा वळसा घालून, मोबाइलच्या रूपाने, पुन्हा घरात परतली. चित्रण, ध्वनिमुद्रण, संकलन आणि प्रदर्शन या चारही खात्यांचा कारभार आज एका माणसाच्या तळहातावर चालतो. या परतून आलेल्या कलेची स्थिती काय आहे, याची चौकशी नगर जिल्ह्यापुरती (सरकारी दप्तरात २०२४ पासून अहिल्यानगर) करावी, असा या लेखाचा हेतू आहे. आणि निष्कर्ष लपवून ठेवण्याचे काही कारण नसल्याने तो आरंभीच सांगून टाकतो, की आपल्या घरगुती चित्रपटातले चित्र दिवसेंदिवस देखणे होत गेले आणि त्यातला आवाज मात्र दिवसेंदिवस नाहीसा होत गेला.

घरगुती चित्रण जेव्हा फिल्मवर होत असे, तेव्हा आवाज नसणे हा निव्वळ नाइलाज होता. पाथे कंपनीने १९२२ साली साडेनऊ मिलिमीटरची आणि कोडॅकने १९३२ साली आठ मिलिमीटरची फिल्म हौशी माणसांसाठी बाजारात आणली. आठ मिलिमीटरच्या एका रिळात जेमतेम चार मिनिटांचे मूक चित्रण मावे, आणि त्याचा खर्च पाहता ही हौस आपल्याकडे मूठभर श्रीमंतांपलीकडे जाणे शक्यच नव्हते. तरीही हौशी चित्रणाचा एक मौलिक ठेवा ज्या भूमीशी निगडित आहे, ती भूमी नगर शहराच्या वेशीपासून दूर नाही. अरणगावजवळचे मेहेराबाद आणि पिंपळगावचे मेहेराझाद येथे मेहेरबाबांच्या देशी-विदेशी अनुयायांनी आपापल्या हातकॅमेऱ्यांनी वेळोवेळी चित्रण केले. १९६७ साली लुई व्हान गास्टेरेन या डच दिग्दर्शकानेही मेहेराझादला येऊन बाबांचे चित्रण केले. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ पासून ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत मौन पाळले. १९५४ नंतर तर अक्षरफलकही दूर सारून ते केवळ हातांच्या खुणांनी बोलत आणि त्यांचे शिष्य एरच जस्सावाला त्या खुणांचा अर्थ उच्चारून सांगत. त्यामुळे या मूक फितींत काही उणे भासत नाही. बोटांची हालचाल हेच तेथे भाषण आहे, आणि चित्रण करणाऱ्याने जेथे कॅमेरा हलवण्याची घाई केली नाही, तेथे ते भाषण सबंध हाती लागते. समोरचा माणूस ज्या रीतीने बोलतो ती रीत अखंड राहू द्यावी, हा या कलेचा पहिला नियम एका मौनी पुरुषाच्या मूकपटांतच सर्वांत स्पष्ट दिसावा, यात विरोधाभास आहे खरा, पण विसंगती नाही.

१९८२च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हिडिओ आला, आणि काही वर्षांतच लग्नाच्या याद्या होताना बँड, आचारी आणि मंडप यांच्या जोडीला शूटिंगवाल्याचेही नाव बोलले जाऊ लागले. खांद्यावर कॅमेरा घेतलेला तो गृहस्थ, त्याच्यामागे प्रखर दिवा उंच धरून चालणारा पोऱ्या, आणि त्या दिव्यापुढे डोळे किलकिले करून पंगतीत घास घ्यावा की नको अशा संभ्रमात पडलेली पाहुणेमंडळी, हे दृश्य त्या काळच्या कोणत्याही कॅसेटीत सापडेल. संकलन म्हणजे तेव्हा दोन यंत्रे समोरासमोर मांडून एकावरची फीत दुसऱ्यावर उतरवून घेणे. प्रत्येक नकलेत चित्र फिके पडे, मधला एक तुकडा काढायचा म्हटले तरी पुढचे सारे पुन्हा उतरवावे लागे, आणि म्हणून शूटिंगवाला मिक्सिंगच्या नावाखाली वधूवरांचे चेहरे एखाद्या बदामात बसवून देई व बाकी फितीला फारसा हात लावीत नसे. तीन-तीन तासांच्या त्या कॅसेटी अखेरपर्यंत पाहणे हे सत्त्वपरीक्षेचे काम होते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु कापणे महाग असल्यामुळे त्यांत मांडवातला गलका, विहिणींची टोमणेबाजी, रुसलेल्या जावयाची समजूत घालणारे थोरले काका, हे सारे आपापल्या स्वरात शाबूत राहिले. तंत्राच्या दारिद्र्याने केलेले हे उपकार त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आले नाहीत.

ते ध्यानात यावे अशी वेळ संगणकाने आणली. ॲपलचे आयमूव्ही १९९९ साली आले. २००० साली विंडोजसोबत मूव्ही मेकर फुकट मिळू लागले. पिनॅकल आणि युलीड यांची सॉफ्टवेअरे हौशी लोकांच्या आवाक्यात आली, आणि लग्नाचे काम करणाऱ्या स्टुडिओंतून एडियसचा अंमल बसला. या सर्व सॉफ्टवेअरांचे रहस्य एकच होते: चित्राची पट्टी वर, आवाजाची पट्टी खाली, आणि दोहोंतील गाठ एका टिचकीसरशी सुटणारी. जी सोय कलावंताला वरदान ठरावी, तीच सरसकट व्यवहारात घातक ठरली. कारण खालची पट्टी पुसून तेथे गाणे घालणे हे सर्वांत सोपे काम होते आणि मोबदला तर तेवढाच होता. त्यातच तयार ‘प्रोजेक्ट’ विकत मिळू लागले. मोर पिसारा फुलवतो आहे, राजवाड्याची दारे उघडत आहेत, गुलाबाच्या पाकळ्यांतून नावे प्रकट होत आहेत, असा सारा सरंजाम त्यात आयता असे. मोकळ्या चौकटीत फक्त नवे वधूवर बसवायचे. परिणामी श्रीरामपूरचे लग्न आणि जामखेडचे लग्न यांत नावांखेरीज भेद उरला नाही.

२०१६च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि जी कला स्टुडिओच्या खोलीत होती ती वस्तीवरच्या ओट्यावर आली. काइनमास्टर आणि व्हिवाव्हिडिओ यांवर पोरांनी हात बसवला. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ज्या ५९ ॲपांवर बंदी घातली त्यांत टिकटॉकबरोबर व्हिवाव्हिडिओही गेले, पण तोवर हात बसलेले असल्यामुळे इनशॉट, व्हीएन आणि अलाइट मोशन यांकडे वळायला कोणाला दिवस लागले नाहीत. आज वाढदिवसाचे स्टेटस, नव्या ट्रॅक्टरचे पूजन, दशक्रियेची श्रद्धांजली, १६ डिसेंबर २०२१च्या सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर पुन्हा सुरू झालेल्या शर्यतींतला घाटातला बैल, मढीच्या यात्रेतली रेवड्यांची उधळण, असे विषय घेऊन गावोगावची मुले अर्ध्या मिनिटाचे चित्रपट रचीत असतात, आणि त्यांत ढोलाच्या नेमक्या ठोक्यावर दृश्य बदलण्याचे जे कसब असते ते उपहासाने पाहण्यासारखे मुळीच नाही. लयीचे एवढे पक्के भान पूर्वीच्या शूटिंगवाल्यांत क्वचित होते. तक्रार एवढीच, की ही लय बाहेरून आणलेल्या गाण्याची आहे. बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांची, घाटावर ओरडणाऱ्या निवेदकाची, धावून दमलेल्या गाडीमालकाच्या श्वासाची लय तिच्याखाली गाडली गेली आहे.

हे प्रकरण नेमके कसे घडते, हे पाहण्यासाठी लग्नाच्या फितीतला एकच प्रसंग जवळून पाहू. मुहूर्त टळून गेला आहे. आमदारसाहेब, कारखान्याचे संचालक, सोसायटीचे चेअरमन यांची नावे पुकारली जात आहेत आणि शुभाशीर्वादाची भाषणे संपता संपत नाहीत. अंतरपाटाआड नवरी उभी आहे, पाठीशी मामा आहे, आणि करवलीला बाजूला सारून आत्या पुढे होते, भाचीच्या कानाशी लागून काहीतरी बोलते आणि भाचीला हसू आवरत नाही. कॅमेरा जवळ होता, त्याने ते शब्द टिपलेही. परंतु तयार फितीत आपल्याला दिसते ते एवढेच, की ड्रोन मंडपावरून फिरून खाली उतरतो, नवरीचे हसू मंदगतीने उमलते, आणि त्यावर एक हिंदी गीत सुरू होते. मंदगतीची किंमतच ही आहे, की काळ ताणला की त्याच्याबरोबर ताणलेला आवाज ऐकवत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. आत्या काय म्हणाली, हे त्या घराला पुन्हा कधीही कळणार नाही; आणि संचालकांचे भाषण मात्र, बोलावणाऱ्यांचा मान राखण्यासाठी, मूळ आवाजासह सबंध ठेवलेले असते.

या अपराधाचे खापर संकलकाच्या माथी फोडणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. डीजे आणि जनरेटर यांच्या कल्लोळात, एका कॅमेऱ्याच्या तोंडाशी लावलेल्या माइकवर जे येते ते पुष्कळदा ऐकण्याच्या लायकीचे नसते. लगीनसराईत एकामागून एक कामे उरकायची असतात. आणि गाणी न घालता फीत दिली तर ‘एडिटिंगच केले नाही’ म्हणून राहिलेले पैसे अडवून धरणारे यजमानही कमी नसतात. सॉफ्टवेअर तर केवळ हुकमाचे ताबेदार. रुची आपलीच बिघडली आहे, आणि ती सुधारण्याचे उत्तरदायित्वही आपलेच आहे.

रुची सुधारू शकते, याचे दाखले सुदैवाने याच जिल्ह्यात आहेत. नगरजवळच्या सारोळा कासार येथील सुमन धामणे या सत्तरीच्या आजींनी २०२० साली नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ ही यूट्यूब वाहिनी सुरू केली आणि काही महिन्यांत लाखो प्रेक्षक मिळवले. पाककृती दाखवणाऱ्या वाहिन्यांना तोटा नव्हता. लोक खिळून राहिले ते आजींच्या बोलण्याला, घरच्या माणसाला सांगावे तसे सांगत जाण्याच्या त्या धाटणीला. संकलनाची चलाखी तेथे गौण आहे, किंबहुना आवाजाच्या आड न येणे हीच तेथली चलाखी आहे. दुसरा दाखला व्यावसायिक चित्रपटाचा, पण घरगुती जिद्दीतून उभा राहिलेला: श्रीगोंदा तालुक्यातले भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून ‘ख्वाडा’ काढला, आणि ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला परीक्षकांच्या विशेष पुरस्काराबरोबरच प्रत्यक्ष चित्रीकरणस्थळी केलेल्या ध्वनिमुद्रणाचाही पुरस्कार महावीर सब्बनवाल यांच्या नावाने मिळाला. मेंढरांचे बेंबटणे, माळावरचा वारा आणि धनगरांची बोली यांना राष्ट्रीय मान्यता मिळावी, आणि आपण मात्र घरच्या फितीतून त्याच गोष्टी अडगळ म्हणून काढून टाकाव्या, हा अजब न्याय आहे. नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाचा विभाग आहे, आणि दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण तेथेच घेतले. तेव्हा जिल्ह्यात विद्येची परंपरा नाही, असे म्हणण्याचीही सोय नाही.

आवाजाचा हा कैवार केवळ भावुकतेपोटी घेतलेला नाही. ‘काय करू राह्यला’ असे विचारणारी संगमनेर-कोपरगावकडची बोली, अकोले तालुक्याच्या डांगाणातली बोली आणि पाथर्डी-जामखेडची मराठवाड्याकडे झुकणारी बोली एकाच जिल्ह्यात नांदतात, आणि त्यांचे अस्सल दप्तर घरगुती फितींखेरीज दुसरे कोणते असणार? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या, त्यासाठी गावोगावच्या बायांशी वर्षानुवर्षे संबंध राखावे लागले; आज तेच काम करण्याची सामग्री प्रत्येक नातीच्या हाती आहे. पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन परमुलखी जातात, तेव्हा कोपीसमोर काढलेला आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना धाडलेला तो थरथरता, ना गाणे ना सजावट असलेला व्हिडिओ मला आजच्या घरगुती चित्रपटाचा सर्वांत शुद्ध नमुना वाटतो. त्यात कोणी तरी कोणाशी तरी बोलत असते.

उपाय अवघड नाहीत आणि खर्चाचे तर मुळीच नाहीत. बोलणारा माणूस असेल तर मोबाइल त्याच्याजवळ न्यावा, वाऱ्याकडे पाठ करावी, आणि बोलणे संपल्यावरही क्षणभर थांबावे, कारण खरे वाक्य पुष्कळदा त्यानंतर येते. संकलनाला बसल्यावर प्रथम सारे चित्रण डोळे मिटून ऐकावे, आणि ऐकण्याजोगे जे सापडेल त्याच्या आधाराने काय ठेवावे व काय वगळावे हे ठरवावे. पुढच्या प्रसंगाचा आवाज त्याच्या चित्राआधी किंचित सुरू करावा, म्हणजे दृश्याचा सांधा आपोआप लपतो आणि मोराची व राजवाड्याची गरजच उरत नाही. गाणे हवेच असेल तर बोलणे सुरू होताच त्याची पातळी खाली उतरवावी. ही सोय आज फुकट मिळणाऱ्या ॲपांतही आहे. शिवाय यूट्यूबवर चढवलेल्या फितीतले चित्रपटगीत हक्कदाराच्या दाव्यामुळे बंद केले जाऊ शकते, आणि मूळ आवाज आधीच पुसलेला असल्यामुळे मग हाती निव्वळ मुकेपणा राहतो, हेही व्यवहारी माणसाने हिशेबात धरावे.

जतनाची बाब मात्र टाळण्याजोगी नाही. जगातील शेवटचा व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई कंपनीने २०१६च्या जुलैत उत्पादन थांबवले. कपाटांतल्या कॅसेटींना बुरशी लागते आहे, सीडी वाचल्या जात नाहीत, आणि १ जून २०२१ पासून गुगल फोटोजमधली अमर्याद फुकट साठवणही बंद झाली आहे. म्हणून ज्या घरात लग्नाची, बारशाची किंवा वास्तुशांतीची जुनी कॅसेट असेल, त्या घराला माझी विनंती एवढीच आहे, की यंत्र चालू स्थितीत असलेला एखादा स्टुडिओ शोधून ती संगणकावर उतरवून घ्यावी, दोन ठिकाणी ठेवावी, आणि उतरवून देणारा ‘जरा गाणी टाकून देऊ का?’ असे विचारील तेव्हा त्याला स्पष्ट शब्दांत नाही म्हणावे.