'इंग्लिश विंग्लिश' : भाषा आणि प्रतिष्ठा

गौरी शिंदे ह्यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला 'इंग्लिश विंग्लिश' हा हिंदी चित्रपट ५ ऑक्टोबर २०१२ रोजी प्रदर्शित झाला. घरी लाडू करून विकणारी शशी गोडबोले भाचीच्या लग्नासाठी न्यूयॉर्कला जाते, तेथे चार आठवड्यांच्या वर्गात कोणाला न कळू देता इंग्रजी शिकते आणि निराळी होऊन परतते, एवढेच त्याचे कथानक. श्रीदेवी ह्यांच्या संयत अभिनयाची प्रशंसा पुष्कळ झाली आहे. भाषेच्या अभ्यासकापुढे मात्र वेगळाच प्रश्न उभा राहतो : शशीत जे परिवर्तन घडते ते इंग्रजी आल्यामुळेच घडते काय?

ह्या प्रश्नाचे सूत्र शीर्षकातच सापडते. 'विंग्लिश' हा प्रतिध्वनिरूप शब्द होय. अशा द्विरुक्तीने मूळ शब्दाला 'आणि तत्सम' असा अर्थ प्राप्त होतो. पुष्कळदा त्याची प्रतिष्ठाही किंचित उतरते. इंग्रजीला तिच्या उच्चासनावरून खाली आणणे हाच चित्रपटाचा हेतू असल्याने शीर्षक समर्पक आहे. मात्र हा साचा हिंदीचा आहे. मराठीत प्रतिध्वनीच्या आरंभी 'ब' येतो : चहा-बिहा, पुस्तक-बिस्तक. गोडबोल्यांच्या घरात 'इंग्लिश-बिंग्लिश' असेच कानी पडावयास हवे होते. ह्या कुटुंबाच्या तोंडी हिंदी आहे. मराठी ठळकपणे येते ती लग्नाच्या गीतात. इंग्रजीच्या वर्चस्वाविषयी बोलणाऱ्या कलाकृतीत आणखी एक भाषा अशी मुकाट्याने मागे सरते, ह्याची नोंद घेतलीच पाहिजे. पुण्यात घरगुती लोणच्यांचा व्यवसाय करणारी दिग्दर्शिकेची मराठी आई ही ह्या कथेमागील प्रेरणा होती, हे ध्यानी घेता ही उणीव अधिकच जाणवते.

शशीची अडचण मुळात भाषिक नाही. 'जॅझ' हा शब्द ती चुकीचा उच्चारते तेव्हा अर्थबोधास कोणतीही बाधा येत नाही. तरीही घरची माणसे हसतात. तेथे उच्चाराच्या निमित्ताने तिची पायरी ठरविली जाते. मॅनहॅटनमधील उपाहारगृहातील प्रसंगही असाच आहे. विक्रेती प्रश्नांमागून प्रश्न विचारते आणि उत्तरासाठी क्षणाचीही उसंत देत नाही. संभाषण दोघांच्या सहकार्याने चालते; येथे ते सहकार्यच नाकारले जाते. दोष मात्र एकट्या शशीच्या माथी येतो.

वर्गात हे समीकरण पालटते. मेक्सिकोची दाई, पाकिस्तानी टॅक्सीचालक, फ्रेंच आचारी, तमिळ अभियंता हे सारेच तेथे अपुरे, म्हणूनच परस्परांचे समान. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नावापूर्वी 'द' लागते, मग इंडियापूर्वी का नाही, असा प्रश्न शशी विचारते. हा प्रश्न व्याकरणदृष्ट्या मार्मिक आहे. पण त्याहून महत्त्वाचे हे की तिचा प्रश्न कोणीतरी गंभीरपणे ऐकून घेतो. लोराँ फ्रेंचमध्ये व शशी हिंदीत बोलते, तो प्रसंग तर ह्याचा कळसच. शब्द कळत नाहीत, तरी संवाद घडतो. कारण दोन्ही बाजूंनी ऐकण्याची इच्छा आहे.

मग अखेरचे भाषण इंग्रजीत का? लग्नसमारंभात नवरा तिच्या वतीने सबब सांगू लागतो, तेव्हा शशी त्याला थांबवून मोडक्या पण निःसंदिग्ध इंग्रजीत बोलते. माणसाची प्रतिष्ठा इंग्रजीवर अवलंबून नाही, हे प्रतिपादन ज्या भाषेविरुद्ध करावयाचे तिच्याच मुद्रेने प्रमाणित करून घ्यावे लागते. हा ह्या चित्रपटातील खरा अंतर्विरोध. तिने हेच हिंदीत सांगितले असते तर नवरा व मुलगी ओशाळली असती काय, ह्या प्रश्नाला चित्रपट सामोरा जात नाही.

तथापि परतीच्या विमानातील छोटा प्रसंग हा तोल पुष्कळ अंशी सावरतो. शशी इंग्रजीत विचारणा करते, पण मागते ते हिंदी वृत्तपत्र. इंग्रजी येथे केवळ साधन उरते. निवड तिची स्वतःची असते.

म्हणून परिवर्तनाचे श्रेय इंग्रजीला देता येत नाही. परक्या शहराने तिला भाषेपेक्षा श्रोते अधिक दिले. इंग्रजी चाचरत बोलणाऱ्या विद्यार्थ्याची बुद्धीच अल्प मानण्याची प्रवृत्ती आपल्या विद्यापीठीय वर्गांतही दिसते. 'इंग्लिश विंग्लिश'चे महत्त्व आपल्यापुरते येथे आहे : तो शिकणाऱ्याची परीक्षा घेतो, त्याहून कठोर परीक्षा ऐकणाऱ्याची घेतो.